बिगफूट : श्वापद, भूत आणि मुखवटा

ऑक्टोबरअखेर, हॅलोविनच्या सुमारास, उत्तर अमेरिकेतील घरांच्या अंगणांत जी भुतावळ मांडली जाते तिच्यात कोरलेले भोपळे, सांगाडे, चेटकिणी आणि थडग्यांचे खोटे दगड असतात, हे आता चित्रपटांमुळे आपल्याकडील वाचकांनाही परिचित आहे. या भुतावळीत, विशेषतः पॅसिफिक महासागराला लागून असलेल्या वायव्य भागात, म्हणजे ब्रिटिश कोलंबियापासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंत, आणखी एक आकृती दिसते : माणसाहून उंच, अंगभर केस, लांब हात, चालता चालता मान वळवून पाहणारी. हा बिगफूट, कॅनडात त्याचेच नाव सॅस्क्वॉच. मृतात्म्यांच्या रात्री त्याला आमंत्रण कशासाठी, असे कोणी फारसे विचारत नाही. वस्तुतः तो विचारण्याजोगा प्रश्न आहे. बिगफूटवर विश्वास असणारे बहुतेक लोक त्याला भूत मानायला तयार नसतात. त्यांच्या लेखी तो हाडामांसाचा, विज्ञानाला अद्याप न गवसलेला महावानर आहे. त्याची पावले मोजता येतात, केस प्रयोगशाळेत तपासता येतात. मग अशा प्राण्याने वेताळाच्या पालखीबरोबर का चालावे?

आमचे म्हणणे असे, की हॅलोविनच्या गर्दीत बिगफूट चुकून शिरलेला नाही. ज्या अरण्यकथांमधून त्याचे रूप घडले त्यांत तो श्वापद आणि भूत अशा दोन खणांत विभागलेलाच नव्हता. ही विभागणी नंतरची आहे, आणि तिचा इतिहास बऱ्यापैकी तारीखवार सांगता येतो. त्या इतिहासात एक अप्रिय प्रकरणही आहे : बाहेरचे जग या अरण्यवासियाच्या गोष्टी चवीने वाचू लागले त्याच काळात त्याचा मुखवटा घालून नाचणाऱ्या मूळ रहिवाशांना तुरुंगात पाठवले जात होते.

मराठी वाचकाला ही अविभक्त अवस्था समजणे तुलनेने सोपे जावे, कारण आपला 'भूत' हा शब्दच अनेकार्थी आहे. भूतमात्र, भूतदया या सामासिक शब्दांत भूत म्हणजे जीव. 'भूत लागले' म्हणताना तोच शब्द मेलेल्याच्या अतृप्त अस्तित्वाचा वाचक होतो. आणि भूतकाळात तो होऊन गेलेल्याचा. प्राणिशास्त्रज्ञ आणि पिशाच्चशोधक ज्या प्रदेशाची आपापसांत वाटणी करतात, तो सारा प्रदेश या एका शब्दात मावतो.

प्रथम नावाविषयी. 'सॅस्क्वॉच' हे फ्रेझर नदीच्या खालच्या खोऱ्यातील हाल्कोमेलेम भाषेतील शब्दाचे इंग्रजी वळणाचे रूप. ते रूढ केले जे. डब्ल्यू. बर्न्स या शिक्षकाने. हॅरिसन हॉट स्प्रिंग्जजवळच्या चेहेलिस वस्तीवर तो शिकवीत असे, आणि तेथे ऐकलेल्या गोष्टींवर त्याने लिहिलेला लेख एप्रिल १९२९ मध्ये 'मॅक्लिन्स' या कॅनेडियन मासिकात प्रसिद्ध झाला. या लोकांचे आजचे नाव स्टहेलिस. त्यांच्या समजुतीप्रमाणे सॅस्क्वॉच हा भूमीचा राखणदार. तो देहाच्या आणि आत्म्याच्या अशा दोन्ही जगांत ये-जा करतो, आणि म्हणूनच क्षणात दिसतो व क्षणात नाहीसा होतो. बर्न्सच्या लेखणीत मात्र तो प्रामुख्याने एका रानटी, धिप्पाड मानवजमातीचा मनुष्य झाला. त्याला भाषा होती, बिऱ्हाड होते. वानर तो अजून व्हायचा होता. आत्मा, मग राक्षसी मनुष्य, मग वानर असा हा उतरता क्रम ध्यानात ठेवावा.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. किनाऱ्यावरील डझनावारी लोकसमूहांच्या, परस्परांना न कळणाऱ्या भाषांमधील निरनिराळ्या अरण्यवासियांना आज सरसकट 'बिगफूटची स्थानिक नावे' म्हणून एका यादीत घातले जाते. आपल्याकडच्या मुंजा, समंध, चकवा, खवीस, देवचार यांना कोणी परक्याने एकाच प्राण्याची नावे ठरवावे, तसा हा प्रकार होय. या यादीतील दोन व्यक्तिरेखा जरा जवळून पाहिल्या की काय हरवते ते दिसते. दोन्ही व्हँकूव्हर बेटाच्या ईशान्येकडील आणि समोरच्या मुख्य भूमीवरील क्वाक्वाक्यवाक्व लोकांच्या आहेत. जुन्या मानववंशशास्त्रीय ग्रंथांत याच लोकांचा उल्लेख क्वाक्युटल असा येतो. फ्रान्झ बोआस आणि त्याचा स्थानिक सहकारी जॉर्ज हंट यांनी त्यांच्या कथांचे व विधींचे विपुल संकलन केले आहे.

पहिली झुनुक्वा, रानातली बाई. काळी, केसाळ, प्रचंड. डोळे खोल गेलेले आणि अर्धवट मिटलेले, लाल ओठ 'हू हू' अशा हाकेसाठी पुढे काढलेले. पाठीवर टोपली, आणि रडणारी, चुकार मुले त्या टोपलीत घालून ती खाण्यासाठी नेते. पण ती मंद आहे, झोपाळू आहे. चलाख मुले तिला फसवून निसटतात, कधी तिलाच आगीत लोटतात. आणि हीच बाई संपत्तीची स्वामिनीही आहे. तिच्या घरी सुके मांस, कातडी, तांबे यांचे साठे असतात. जो तिच्या तावडीतून सुटतो किंवा तिचा अनुग्रह मिळवतो तो धनवान होऊन गावी परततो. म्हणून प्रमुखांच्या मेजवानीतील मोठमोठी लाकडी भोजनपात्रे तिच्या आकारात कोरली जात. क्लोद लेव्ही-स्ट्रॉस याने १९७५ च्या 'ला व्वा दे मास्क' या पुस्तकात झुनुक्वाच्या मुखवट्याची तुलना शेजारच्या सॅलिश लोकांच्या स्वाइख्वे मुखवट्याशी केली आहे. एकाचे डोळे बाहेर आलेले, जीभ लोंबणारी. दुसऱ्याचे डोळे आत, ओठ पुढे. एका मुखवट्याचा अर्थ त्याच्या उलट्या मुखवट्यावाचून लागत नाही, हा त्याचा सिद्धान्त आमच्या विद्यार्थ्यांना संरचनावाद शिकवताना फार उपयोगी पडतो.

दुसरा बाक्वस, रानातला पुरुष. बिगफूटला भूत म्हणायचे तर ज्याची आठवण प्रथम व्हावी तो हाच. त्याचा चेहरा कवटीसारखा, नाक आकड्यासारखे वाकलेले. तो अरण्याच्या कडेला, न दिसणाऱ्या घरात राहतो आणि बुडून मेलेल्यांचे आत्मे त्याच्याभोवती जमतात. समुद्रावर जगणाऱ्या समाजात बुडालेला माणूस परत येत नाही, त्याचे प्रेतही अनेकदा मिळत नाही. तो कोठे गेला या प्रश्नाला बाक्वस हे एक उत्तर होते. रानात वाट चुकलेल्याला तो खाणे देऊ करतो. ते खाणे माणसाचे नव्हे, भुतांचे असते. जो खाईल तो त्याच्यासारखाच होतो. म्हणजे ही कथा रानात एखादा अज्ञात प्राणी आहे की नाही, हे सांगत नाही. भुकेल्या, एकट्या माणसाने कोणाच्या हातचे घ्यावे आणि कोणाच्या हातचे घेऊ नये, जिवंतांची पंगत कोठे संपते, हे ती सांगते.

युरोपीय लेखणीत ही अस्तित्वे शिरताना सुरुवातीला तरी त्यांचे भूतपण बरेचसे शाबूत होते. एल्काना वॉकर या मिशनऱ्याने १८४० मध्ये स्पोकेन लोकांच्या समजुतींविषयी लिहिले, की पश्चिमेकडील हिमाच्छादित पर्वतावर राक्षस राहतात, ते रात्री वावरतात, झोपलेल्या माणसांना उचलून नेतात, जाळ्यांतील सामन मासे चोरून कच्चे खातात. आणि ते जवळ आले की शिट्ट्या ऐकू येतात व घरांवर दगड पडू लागतात. भानामतीच्या हकिकती ऐकलेल्या मराठी वाचकाला हे दगड ओळखीचे वाटतील. पॉल केन हा चित्रकार १८४७ मध्ये सेंट हेलेन्स पर्वताच्या परिसरात हिंडला. त्या पर्वतावर नरभक्षक 'स्कूकम' राहतात म्हणून कोणीही स्थानिक मनुष्य त्याच्याबरोबर वर यायला तयार झाला नाही, असे तो नोंदवतो. व्यापाराच्या चिनूक बोलीत स्कूकम या शब्दाला बलवान आणि पिशाच्च असे दोन्ही अर्थ होते.

या संदर्भात सर्वांत बोलका दस्तऐवज थिओडोर रूझवेल्टचा. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या या शिकारी लेखकाने १८९३ च्या 'द वाइल्डरनेस हंटर' या पुस्तकात बाउमन नावाच्या म्हाताऱ्या सापळेकऱ्याची हकिकत दिली आहे. दूरच्या खिंडीत दोघे सापळे लावतात. दोन पायांवर चालणारे काहीतरी त्यांचा तळ उद्ध्वस्त करते. शेवटी बाउमन परत येतो तो साथीदाराचे मान मोडलेले प्रेत पाहण्यासाठी. रूझवेल्ट ही गोष्ट भुताची गोष्ट म्हणूनच सांगतो. बाउमन जर्मन वंशाचा, लहानपणी भुताखेतांच्या कथांवर वाढलेला. शिवाय हिवाळ्यातल्या तळांवर त्याने स्थानिक वैदूंकडून बर्फावर चालणाऱ्या आणि अरण्यात भटकणाऱ्या पिशाच्चांच्या गोष्टी ऐकलेल्या. तेव्हा कदाचित एखाद्या धूर्त श्वापदाला त्याने हे रूप दिले असेल, असे लेखक सुचवतो आणि निर्णय मोकळा सोडतो. युरोपातील भूत आणि अमेरिकेतील अरण्यवासी एका माणसाच्या स्मृतीत कसे मिसळतात, याचे इतके नेमके निदान नंतरच्या बिगफूट-साहित्यात क्वचितच आढळते. हॅलोविनच्या अंगणात आज दिसणारे मिश्रण बाउमनच्या मनात आधीच घडून गेले होते.

आता त्या अप्रिय प्रकरणाकडे वळू. बाक्वस आणि झुनुक्वा यांचे खरे स्थान छापील पानावर नव्हते. ते हिवाळ्यातील विधिनृत्यांत आणि पॉटलॅच या सोहळ्यात होते. जन्म, विवाह, मृत्यू, पदग्रहण अशा प्रसंगी यजमान आमंत्रितांना बोलावतो, आपल्या कुळाच्या हक्काची नृत्ये व मुखवटे दाखवतो आणि साक्षी झालेल्यांना मुक्तहस्ते दान देतो. जो अधिक देतो त्याची प्रतिष्ठा अधिक. ही उधळपट्टी ख्रिस्तीकरणाच्या आणि खाजगी मालमत्तेच्या कल्पनेच्या आड येते, असे मिशनरी व अधिकारी यांचे मत पडले, आणि कॅनडाच्या सरकारने कायद्यात दुरुस्ती करून १८८५ पासून पॉटलॅचवर बंदी घातली. डिसेंबर १९२१ मध्ये व्हिलेज आयलंडवर डॅन क्रॅनमरने मोठा पॉटलॅच केला. पंचेचाळीस जणांवर खटले झाले. भाषण करणे, नाचणे, भेटवस्तू देणे व घेणे असे त्यांच्यावरील आरोप होते. मुखवटे आणि सोहळ्याची सामग्री स्वाधीन केली तर शिक्षा तहकूब, असा प्रस्ताव ठेवण्यात आला. तरीही वीसेक स्त्रीपुरुषांना तुरुंगात जावे लागले. जमा झालेले शेकडो मुखवटे, डबे, खुळखुळे आणि तांब्याचे पत्रे अलर्ट बे येथील चर्चच्या सभागृहात मांडून तिकीट लावून दाखवण्यात आले, आणि मग ओटावा, टोरांटो व न्यूयॉर्क येथील संग्रहांत गेले.

कालक्रम पाहावा. मुखवटे जप्त झाले १९२२ मध्ये. सॅस्क्वॉचच्या नवलकथा 'मॅक्लिन्स'मध्ये झळकल्या १९२९ मध्ये. या दोहोंच्या मधल्या काळात आणखी एक मुखवट्यांचा सोहळा त्याच देशात रुजत होता. हॅलोविनचे मूळ आयर्लंड-स्कॉटलंडच्या साविन या हिवाळारंभाच्या सणात आणि १ व २ नोव्हेंबरच्या ख्रिस्ती सर्वसंत व सर्वात्मा दिनांत आहे, असे सामान्यतः मानले जाते. एकोणिसाव्या शतकातील स्थलांतरितांनी तो अटलांटिकपार नेला. खोडकर पोरांच्या उपद्रवाची ही रात्र हळूहळू घरोघर खाऊ मागण्याची रात्र झाली. 'ट्रिक ऑर ट्रीट', म्हणजे खाऊ द्या नाहीतर खोडी काढू, हा वाक्प्रचार १९२० च्या दशकात कॅनडाच्या वृत्तपत्रांत दिसू लागतो. अमेरिकेत महायुद्धकाळातील साखरेचे रेशनिंग १९४७ मध्ये उठल्यावर या चालीला उधाण आले. एकाच देशात, एकाच दशकात, गोऱ्या मुलांनी मुखवटे घालून दारोदार वस्तू मागणे हे कौतुकाचे ठरले, आणि क्वाक्वाक्यवाक्व प्रौढांनी मुखवटे घालून वस्तू वाटणे हा गुन्हा ठरला. १९५१ मध्ये कायद्याच्या नव्या मसुद्यातून बंदीचे कलम वगळले गेले. तोवर एका पिढीने आपल्या आजोबांचे मुखवटे पाहिलेलेही नव्हते.

या पोकळीत बिगफूट जन्मला. ऑगस्ट १९५८ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातील ब्लफ क्रीक येथे जंगलातून रस्ता काढणाऱ्या कामगारांना यंत्रांभोवती प्रचंड पावलांचे ठसे दिसले. जेरी क्रू या बुलडोझरचालकाने एका ठशाचा प्लास्टरचा साचा घेतला, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात 'हम्बोल्ट टाइम्स' या वृत्तपत्रात अँड्र्यू जेन्झोली याने साच्यासह त्याचे छायाचित्र छापले. कामगारांच्या तोंडचे 'बिगफूट' हे नाव देशभर झाले. त्या कामाचा कंत्राटदार रे वॉलेस २००२ मध्ये वारल्यावर, हे ठसे त्याने लाकडी पावलांनी उमटवले होते, असे त्याच्या कुटुंबीयांनी जाहीर केले. तसे असेल तर ऑक्टोबरच्या त्या बातमीला हॅलोविनची 'ट्रिक' म्हणायला हरकत नाही. तथापि आमच्या दृष्टीने ठसा खरा की खोटा यापेक्षा प्लास्टर अधिक महत्त्वाचे आहे. साचा घेता येतो तो देहाचा. दोन जगांत ये-जा करणाऱ्याचा साचा घेता येत नाही. या क्षणापासून अरण्यवासियाने आपले अस्तित्व पुराव्याने सिद्ध करावे, अशी अपेक्षा सुरू झाली.

१९६७ साली हा पेच टोकाला गेला. त्या वर्षी २० ऑक्टोबर रोजी, पुन्हा ब्लफ क्रीक येथेच, रॉजर पॅटरसन आणि रॉबर्ट गिमलिन यांनी चालता चालता मागे वळून पाहणाऱ्या केसाळ आकृतीचे जेमतेम मिनिटभराचे चित्रण केले. आज अंगणाअंगणांत दिसणारी मुद्रा तीच. त्याच वर्षी फ्रेड बेक या वृद्ध खाणकामगाराची एक पुस्तिका निघाली. १९२४ मध्ये सेंट हेलेन्स पर्वतावर रात्रभर आपल्या झोपडीवर दगडांचा मारा करणाऱ्या 'वानरमानवां'ची हकिकत सांगणारा हाच तो बेक. पुस्तिकेत तो म्हणतो, की ते प्राणी पूर्णतः भौतिक नव्हते. त्यांचा संबंध आत्मिक जगाशी होता. एकाच वर्षी कॅमेरा देह दाखवत होता आणि सर्वांत जुना साक्षीदार आत्मा म्हणत होता. प्रसिद्धी कॅमेऱ्याला मिळाली.

पण कॅमेऱ्यानेही शेवटी मुखवट्याशीच गाठ घालून दिली. ही आकृती म्हणजे पोशाख घातलेला माणूस आहे, असा आक्षेप पहिल्यापासून होता. पुढे उत्तर कॅरोलिनातील एका पोशाखविक्रेत्याने, आपणच पॅटरसनला गोरिलाचा पोशाख विकला होता, असा दावा केला. चित्रणाच्या समर्थकांना तो मान्य नाही आणि वाद मिटलेला नाही. या वादाचे गृहीतक मात्र पाहण्यासारखे आहे : आत माणूस सापडला की बिगफूट संपला. क्वाक्वाक्यवाक्व प्रेक्षकाला बाक्वसच्या मुखवट्याआड कोणाचा मुलगा नाचतो आहे हे ठाऊक असते, आणि तरी बाक्वस आलेला असतो. जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. सोंग आणणारा ओळखीचा असतो म्हणून देव खोटा ठरत नाही. पुराव्याच्या संस्कृतीला मुखवटा म्हणजे फसवणूक वाटते. विधीच्या संस्कृतीत मुखवटा ही उपस्थितीची रीत असते.

या दृष्टीने हॅलोविनचा बिगफूट आम्हांला अगदीच टाकाऊ वाटत नाही. वर्षातून एक रात्र का होईना, त्याची पावले मोजणे थांबते. तो पुन्हा मृतांच्या संगतीत, अंधारात, मुखवट्याच्या रूपाने उभा राहतो, आणि आत माणूस आहे हे माहीत असूनही लहान मूल दचकते. प्राणिशास्त्राने काढून घेतलेले भूतपण बाजाराने नकळत परत केले, असे म्हणता येईल. मात्र या भुताजवळ सांगण्यासारखे काही उरलेले नाही. बाक्वसच्या हातचे खाल्ले तर माणूस माणसांत राहात नाही, झुनुक्वाच्या टोपलीतून सुटलेल्याने मिळालेले धन वाटून टाकायचे असते, अशा अटी त्या अस्तित्वांना जोडलेल्या होत्या. अंगणातल्या पुतळ्याला अशी एकही अट नाही. तो भीती दाखवतो, पण कोणत्याही कर्तव्याची आठवण देत नाही. त्याच्या हातून खाऊ घेताना कोणाला विचार करावा लागत नाही.

लोकसाहित्य शिकवताना आपणही कथांचे साचे घेत असतो. वर्ग पाडतो, आदिबंध शोधतो, याद्या करतो. ते अटळ आहे. पण साच्यात काय येत नाही याची नोंदही अभ्यासात असली पाहिजे, आणि कथा कोणाच्या हक्काची होती, ती सांगण्याची मोकळीक कोणाला होती व कोणाला नव्हती, हेही विचारले पाहिजे.

जप्त झालेले मुखवटे परत मिळवण्यासाठी क्वाक्वाक्यवाक्व लोकांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला. परत आलेल्या वस्तूंसाठी १९७९ मध्ये केप मज येथे आणि १९८० मध्ये अलर्ट बे येथे संग्रहालये उघडली. दुसऱ्याचे नाव उमिस्ता. शत्रूने धरून नेलेली माणसे खंडणी देऊन किंवा लढून परत आणली जात, त्या परतण्याला पूर्वी उमिस्ता म्हणत. परत आलेले हे मुखवटे तेथे काचेच्या कपाटांत ठेवलेले नाहीत. पुष्कळ वर्षे ते कुलपाआड होते. आता पुन्हा कोंडायचे नाहीत, असे त्यांच्या लोकांनी ठरवले.